आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : घरी जुळवलेल्या संगणकाच्या तापाचे निदान

माणसाला ताप आला की आपण आधी थर्मामीटर लावतो, मग कारण शोधतो आणि औषध त्यानंतर देतो. निदान तसे करायला हवे, हे आपल्याला ठाऊक असते. संगणकाला ताप आला की मात्र हा क्रम उलटतो. पहिल्यांदा औषध. कोणी म्हणते पेस्ट बदला, कोणी म्हणते पाण्याचा कूलर घ्या, कोणी म्हणते प्रोसेसरच गेला, नवा टाका. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण संगणकाच्या दुरुस्तीसाठीच कोणी रचली असावी, असे मला गेली दोन वर्षे वाटत आले आहे.

माझे काम सांगितल्याशिवाय या विषयातली निकड कळणार नाही. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत पडून असलेल्या जुन्या मराठी पुस्तकांचे आणि नियतकालिकांचे फोटो मी काढतो आणि त्यांतला मजकूर संगणकाकडून वाचून घेतो. त्यासाठी टेसरॅक्ट नावाची एक मोफत प्रणाली वापरतो. तिला छापील मराठी बऱ्यापैकी वाचता येते. माझ्या पाठीशी विद्यापीठ नाही, प्रयोगशाळा नाही. रोडपालीत सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घरात, सुटे भाग आणून स्वतः जुळवलेला एक संगणक एवढीच माझी संस्था. रात्री दहाला पाने लावून द्यायची आणि सकाळी मजकूर तपासायला बसायचे, हा शिरस्ता. जानेवारीत असे लावलेले काम पहाटे पाचला संपलेले असायचे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तेवढेच काम सकाळी नऊलाही चालूच होते. यंत्र बंद पडले नव्हते, कुठला इशाराही दिसत नव्हता. ते फक्त मंदावले होते.

हे मंदावणे समजून घेतले पाहिजे, कारण आजच्या प्रोसेसरचा ताप असाच, आवाज न करता येतो. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या प्रकाशनाने एक चित्रफीत दाखवली होती. चालू संगणकाच्या प्रोसेसरवरून हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, उचलून काढला. एएमडीचा अ‍ॅथलॉन काही क्षणांत धूर सोडून मेला. इंटेलचा पेंटियम ४ मात्र मेला नाही, फक्त अगदी संथ झाला. आजचे सगळेच प्रोसेसर त्या पेंटियमच्या वळणावर गेले आहेत. बहुतेकांची मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते; तिथे पोचले की ते आपली गती आपणच कमी करतात. यंत्र वाचते, हे चांगलेच. पण मालकाला काही कळत नाही. त्याला वाटते संगणक म्हातारा झाला, आणि तो बाजाराची वाट धरतो.

आता ही उष्णता येते कुठून? प्रोसेसर विजेचे दुसरे काहीच करत नाही. पंखा वारा देतो, दिवा उजेड देतो. प्रोसेसरमध्ये शिरलेला वीजेचा जवळजवळ प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडतो. माझा प्रोसेसर पूर्ण जोरात ८८ वॅट खातो. आकडा मोठा नाही, एका जुन्या पिवळ्या बल्बएवढा. खरी गोम क्षेत्रफळात आहे. घरातल्या १००० वॅटच्या इस्त्रीचा तळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर धरला तर दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट होतात. प्रोसेसरच्या आतली सिलिकॉनची चकती जेमतेम दोन चौरस सेंटिमीटरची; तिच्यावर दर चौरस सेंटिमीटरला ४४ वॅट. म्हणजे इस्त्रीच्या आठ-नऊ पट दाटीने उष्णता निर्माण होते, आणि ती चकती इस्त्रीइतकी तापू द्यायची नाही, अशी अट.

ही अडचण नवी नाही, तिचे रूप बदलत आले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० मध्ये कार्यान्वित केलेल्या टिफ्रॅक या संगणकात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. निर्वात नळीत तार तापवल्याशिवाय कामच होत नाही. म्हणजे तिथे उष्णता ही कामाची पहिली पायरीच होती. ट्रान्झिस्टर आले आणि ती पायरी गेली. १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ट्रान्झिस्टर लहान करत नेले आणि त्या प्रमाणात व्होल्टेजही उतरवत नेले, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता वाढणार नाही. तीस वर्षे या नियमावर जग चालले. मग ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले की बंद असतानाही त्यांतून वीज पाझरू लागली, व्होल्टेज उतरवणे थांबले, आणि ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत सोडून दिला. तेव्हापासून गती वाढवण्याऐवजी कोअर वाढवण्याची पद्धत पडली. थोडक्यात, संगणकाच्या इतिहासाला वळण लावणाऱ्या गोष्टींत घाम फोडणारी उष्णता बरीच वर आहे.

घाम म्हटले म्हणून एक गैरसमज इथेच दूर करतो. पंख्याखाली आपल्याला गार वाटते ते अंगावरचा घाम उडून जातो म्हणून. रांजणातले पाणी गार होते तेही झिरपलेले पाणी उडते म्हणून. प्रोसेसरला घाम येत नाही. त्याच्यावरचा पंखा कितीही जोरात फिरवला तरी तो प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. उन्हाळ्यात पाण्याचा एअर कूलर संगणकाकडे तोंड करून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने हवा थोडी गार होते खरी, पण आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत फारशी नाही. मिळते ती ओल, आणि ओलीबरोबर चिकटणारी धूळ.

म्हणून पहिला प्रश्न प्रोसेसरचा नव्हेच, खोलीचा. परदेशी मार्गदर्शकांत प्रोसेसर ७५ अंशांच्या आत असावा वगैरे लिहिलेले असते, तेव्हा लिहिणाऱ्याची खोली २१-२२ अंशांची असते. रोडपालीत मे महिन्यात वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. रात्री अकराला माझ्या खोलीत ३४ अंश असतात. तेव्हा पडद्यावरचा आकडा एकटा वाचायचाच नाही. त्यातून खोलीचा आकडा वजा करायचा आणि उरलेल्याला वॅटने भागायचे. येणारा आकडा म्हणजे एका वॅटमागे किती अंश चढले. हा आकडा ऋतू बदलला तरी फारसा बदलत नाही. यंत्राची प्रकृती कळते ती याच्यावरून.

माझे गणित त्या मे महिन्यात असे होते. प्रोसेसर १०० अंशांवर अडकलेला, खोली ३४, आणि गती कमी करून करून प्रोसेसर आलेला ६० वॅटवर. १०० वजा ३४ म्हणजे ६६. भागिले ६०, म्हणजे वॅटमागे १.१ अंश. या साध्या हीटसिंकला ०.६ ते ०.७ शोभले असते. म्हणजे दोष उन्हाळ्याचा एकट्याचा नव्हता. थंडीत तो झाकलेला होता, इतकेच.

हे मोजायला लागते काय? प्रोसेसरचे तापमान, वॅट आणि पंख्याचे फेरे दाखवणारे मोफत प्रोग्राम मिळतात. खोलीसाठी साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. तो भिंतीवर टांगायचा नाही, कॅबिनेट जिथून हवा आत घेते तिथे ठेवायचा. शिवाय एक वही. वहीशिवाय हे काम करू नये. स्मरणशक्ती आपल्या आवडत्या तर्काला धार्जिणी असते.

आता आग नेमकी कुठे आहे ते शोधू. उष्णतेला चकतीपासून घराबाहेर जाईपर्यंत एक साखळी ओलांडावी लागते. चकती, तिच्यावरचे धातूचे झाकण, मग थर्मल पेस्ट, मग हीटसिंक, मग कॅबिनेटमधली हवा, मग खोलीतली हवा. साखळीतली कुठली कडी अडलेली आहे हे ओळखायला मला दोन कसोट्या सर्वांत उपयोगी पडल्या, आणि दोन्हींना खर्च शून्य.

पहिली कसोटी वेळेची. यंत्र निवांत असताना त्याच्यावर एकदम पूर्ण भार टाकायचा आणि आकड्याकडे बघत बसायचे. दोन-तीन सेकंदांत आकडा नव्वदीच्या पार उडाला, आणि भार काढताच तितक्याच वेगाने कोसळला, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाही. दोष पेस्टमध्ये किंवा बसवणीत. अर्धा किलो धातू दोन सेकंदांत तापत नाही, तापते ती नखाएवढी चकती. उलट आकडा पंधरा-वीस मिनिटे मुंगीच्या पावलांनी चढत राहिला तर बसवणी ठीक आहे, दोष हवेत आहे.

दुसरी कसोटी हाताची. प्रोसेसर शंभरीला टेकलेला असताना हीटसिंकच्या कडेला, फिरत्या पंख्यापासून लांब राखून, बोट लावायचे. हीटसिंक चटका देण्याइतका गरम असेल तर त्याला उष्णता मिळते आहे, ती वाहून नेणारी हवा कमी पडते आहे. कोमट असेल तर त्याला उष्णता मिळतच नाही. आकडा सेकंदांत उडत असताना हीटसिंक कोमट लागला, की पुढे पंखे विकत घेण्यात अर्थ नसतो.

माझा हीटसिंक कोमट होता. आकडा चार सेकंदांत शंभरीला गेला होता. बंद करून, वायर काढून, उघडून पाहिले. या प्रकारच्या हीटसिंकला चार कोपऱ्यांवर प्लॅस्टिकच्या चार खुंट्या असतात. त्या मदरबोर्डच्या भोकांत दाबल्या की टोके फाकतात आणि पकडून ठेवतात. त्यांपैकी एका खुंटीचे फाकणारे टोक तडकले होते. वर्षानुवर्षे तापणे-निवणे सोसल्यावर प्लॅस्टिकचे व्हायचे ते झाले. तो कोपरा केसभर उचललेला. पेस्टचा ठसा पाहिल्यावर सगळे उलगडले. एका बाजूला ती पातळ होऊन धातू दिसत होता, दुसऱ्या बाजूला जाड, वाळलेली, खपली धरलेली.

केसभर फटीने एवढे काय बिघडते, असे वाटेल. तांबे उष्णता वाहून नेते त्याच्या सुमारे पंधरा हजारावा हिस्सा हवा नेते. कपड्यांत आणि गोधडीत आपण हवेचा हाच गुण वापरतो. म्हणजे चकतीवर आपण नकळत गोधडी पांघरलेली असते. पेस्ट ही फट भरण्यापुरती. तीही तांब्याच्या मानाने चाळीस-पन्नास पटींनी वाईट वाहक आहे. म्हणून ती वाटाण्याएवढी लावायची आणि दाबाने पसरू द्यायची. पोळीला तूप माखल्यासारखी सढळ हाताने लावणारे कारागीर असतात. बसवणी घट्ट असेल तर जादा पेस्ट कडेने बाहेर येते आणि घाण होते एवढेच, पण घट्ट नसेल तर हाच जाड थर राहतो.

खुंट्या काढून मी स्क्रूने मागून आवळता येणारी धातूची पट्टी बसवली. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या डॉ. भडकमकर मार्गावर, ती शे-दोनशे रुपयांत मिळाली. पेस्ट नवी. आकडा १.१ वरून ०.७५ वर आला. यंत्र पुन्हा पूर्ण ८८ वॅट खाऊ लागले. पण ०.७५ गुणिले ८८ म्हणजे ६६, अधिक ३४, पुन्हा शंभर! फरक इतकाच की आता शंभरीला पोचायला पंचवीस मिनिटे लागली. एका दोषामागे दुसरा दडलेला होता, आणि वेळेच्या कसोटीने तो हवेचा असल्याचे सांगितले.

रोडपालीची हवा हा स्वतंत्र विषय आहे. एका अंगाला कळंबोलीचा लोखंड बाजार आणि त्याची ट्रकची वर्दळ, दुसऱ्या अंगाला तळोज्याची औद्योगिक वसाहत, मध्ये सतत चालू असलेली बांधकामे. सिमेंटची भुकटी, डिझेलची काजळी आणि कपड्यांचे तंतू यांना पावसाळी दमट हवा मिळाली की त्यांची धूळ राहत नाही, नमदा होतो. हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये, नेमका पंख्याखाली, वरून न दिसणारा असा नमदा बसला होता. पंखा फिरत होता, वारा पट्ट्यांतून जात नव्हता.

दुसरी गोष्ट टेबलाची. संगणकाचे म्हणून जे टेबल बाजारात मिळते, त्यात कॅबिनेट ठेवायला तीन बाजूंनी बंद कप्पा असतो. मागून निघालेली गरम हवा पाठीच्या फळीवर आपटून पुढे येते आणि पुन्हा आत ओढली जाते. पनवेलजवळ भोकरपाड्याला २०२० मध्ये योट्टाचे प्रचंड डेटा सेंटर सुरू झाले. अशा केंद्रांत रॅकच्या रांगा तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ लावून रचतात, म्हणजे एका गल्लीत फक्त गार हवा आणि शेजारच्या गल्लीत फक्त गरम. दोन्ही हवा मिसळू द्यायच्या नाहीत, हे त्या शास्त्राचे पहिले कलम. कोट्यवधींचा खर्च करून तिथे जे टाळतात, तेच आपण सनमायकाच्या टेबलात पैसे देऊन करून घेतो! मी कॅबिनेट कप्प्यातून काढून उघड्या स्टुलावर, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवले. नमदा काढला. आकडा ०.६ झाला. ८८ वॅटला ८७ अंश.

कॅबिनेटचा एका बाजूचा पत्रा काढून ठेवणे हा अनेकांचा आवडता उपाय आहे. तपासणी म्हणून तो उत्तम; पत्रा काढल्यावर सात-आठ अंश उतरले तर हवेचा मार्ग अडलेला आहे हे सिद्ध होते. कायमचा उपाय म्हणून मात्र आमच्याकडे नको. नमदा दुप्पट वेगाने बसतो, आणि पाली असतात.

आता उरली विजेची बाजू, जिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. माझ्या प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ वॅट लिहिले आहे. मग तो ८८ का खातो? कारण अनेक मदरबोर्ड मूळच्या सेटिंगमध्येच प्रोसेसरला जादा मोकळीक देतात. तेवढेच गतीच्या तक्त्यात चार गुण जास्त. आणि शेवटची थोडी गती फार महाग पडते. गती वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावे लागते, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. दोन्ही मिळून गतीच्या घनाच्या जवळपास. उलटे वाचले तर हेच वरदान ठरते. गती दहा टक्के सोडली तर ०.९ चा घन ०.७३, म्हणजे उष्णता सत्तावीस टक्के कमी. बायॉसमध्ये जाऊन मी ६५ वॅटची मर्यादा घातली. गणिताने तापमान ७३ यायला हवे होते. वहीत ७३ आणि ७४ असे आकडे आहेत. रात्रीचे काम अर्ध्या-पाऊण तासाने लांबले, ते मला चालते. पंखा मात्र असा शांत झाला की घरातल्यांनी यंत्र बंद पडले का, म्हणून विचारले.

व्होल्टेजचा हा मुद्दा किरकोळ नाही. इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीचे काही प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, तेव्हा कूलरला बोल लावला जात होता. जुलै २०२४ मध्ये कंपनीनेच सांगितले की प्रोसेसरच्या आतली सूचनावली, म्हणजे मायक्रोकोड, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये त्याची दुरुस्ती आली. ज्यांनी तोवर महागडे कूलर घेतले, त्यांचा बंब सोमेश्वरीच गेला. म्हणून बायॉस अद्ययावत आहे का, हे पेस्टच्याही आधी पाहावे, असे माझे मत झाले आहे.

या वहीचा उपयोग पुढे इमारतीतल्या एका मुलाला झाला. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, लग्नांच्या चित्रफिती जोडून देऊन स्वतःचा खर्च काढणारा. त्याचा संगणक भार येताच अडकायचा. एका दुकानदाराने प्रोसेसर बदलावा लागेल असे सांगितले होते आणि त्याच्या आईने भिशीची पाळी आधी मागून घ्यायचे ठरवले होते. “काका, एकदा बघता का, नाहीतर उद्या पैसे भरतो,” म्हणत तो कॅबिनेट उचलूनच घेऊन आला. भार टाकला. दोन सेकंदांत आकडा शंभर. भला थोरला, दोन पंख्यांचा कूलर, आणि हाताला अगदी गार. कूलर उलटा केला तर तळाला पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा, त्यावर पेस्ट नीट पसरलेली, आणि पापुद्र्यावर बसवण्यापूर्वी काढून टाकण्याची छापील सूचना. तो पापुद्रा आम्ही काढला, तळ पुसला, वाटाण्याएवढी पेस्ट लावली. भिशी आपल्या पाळीने डिसेंबरातच लागली.

दिवाळीच्या साफसफाईत घरातला कोपरान्‌कोपरा निघतो, त्यातच हे काम उरकता येते. पावसाळ्याचा ओलावा ओसरलेला असतो आणि नमदा वाळून ठिसूळ झालेला असतो. वायर भिंतीतून काढावी, मग चालू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. कॅबिनेट गॅलरीत न्यावे. व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड सर्किटला लावू नये, स्थिर वीज तयार होते. एक इंची रंगाचा कोरा ब्रश उत्तम. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, जोराच्या वाऱ्याने ती गरगरली तर बेअरिंग जाते. हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये टॉर्च पलीकडून धरावा. उजेड अलीकडे दिसला की वाराही जाणार. पेस्टला, जोवर आकडा सेकंदांत उडत नाही तोवर, हात लावू नये. आणि झाकण लावण्यापूर्वी चारही कोपरे एकदा हलवून बघावेत.